पितांबरभाऊंचं लेंडीखत

पितांबर भंगाळे आणि लव्हाळा यांची पहिली भेट झाली ती १९८८ सालच्या आषाढात, जळगावात, सकाळच्या प्रहरी, भाऊंच्या तोंडात कडुनिंबाची काडी असताना. त्या क्षणी म्हणे पिंप्राळ्याच्या रस्त्यावरून जाणारा टांगा आपोआप थांबला, मेहरूणच्या तळ्यावरचे बगळे दोन्ही पाय टेकून उभे राहिले, आणि कॉलनीतल्या नळांना भरपूर पाणी येत असूनही एकाही बाईने हंडा लावला नाही. यातलं नळांना भरपूर पाणी आलं होतं एवढं सोडून बाकी सगळं खरं मानायला हरकत नाही.

वांग्याच्या रोपाशेजारी तीन पानं उभी होती. हिरवीगार, चकचकीत, तेल लावून मधोमध भांग पाडल्यासारखी. एखादा गरीब पाहुणा चप्पल बाहेर काढून दाराशी उभा राहावा, तशी उभी होती. भाऊंनी वाकून ती चिमटीत धरली आणि ओढली. पानं विनातक्रार हातात आली. जमिनीत कुठेतरी ‘टक्’ असा बारीक आवाज झाला.

“हॅ! एवढंच?” असं म्हणून भाऊ हसले.

शेतीत हात काळे केलेला कोणीही माणूस तो ‘टक्’ ऐकून मटकन खाली बसला असता. कारण लव्हाळा या तणाचं पान आपल्या हातात येतं, गाठ जमिनीतच राहते. आणि दुखावलेली गाठ गप्प बसत नाही, भाऊबंद गोळा करते. पण भाऊ हसले, कारण भाऊंनी जन्मभर शेतकऱ्यांचा माल पाहिला होता, शेत कधी कसलं नव्हतं. भाऊ ग्रेडर होते.

सरकारी कापूस खरेदी केंद्रावर बैलगाड्यांच्या रांगेत पितांबरभाऊ फिरायला लागले की बैलसुद्धा शेपटी आवरून घेत. गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर कापूस काढायचा, दोन अंगठ्यांमध्ये धागा ताणायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. ‘सुपर’ म्हणजे उत्तम. ‘फेअर’ म्हणजे चालेल. आणि ‘कवडी’ म्हटलं की गाडीवाला धोतराच्या सोग्याने डोळे पुसत मागे फिरायचा. लाच नाही, ओळख नाही, दयामाया नाही. सख्ख्या मामाच्या कापसाला त्यांनी फेअर दिलं होतं, आणि मामीने त्यानंतर दिवाळीचा फराळ पाठवणं बंद केलं तेव्हा भाऊ म्हणाले होते, “तसाबी तिचा चिवडा कवडीच होता.”

हा अंगठा घरी आल्यावरही विश्रांती घेत नसे. पुरी अंगठ्याने दाबून पाहायची, धुतलेलं धोतर चोळून पाहायचं, पाहुण्याचा नमस्कार घेताना त्याचा तळवा हळूच चाचपून घ्यायचा. पत्नी धुरपदाबाईंच्या आमटीला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ‘फेअर’ मिळालं होतं. पुढे मेहनतीने त्यांनी ‘सुपर’ मिळवलं, पण ते टिकवण्याची धास्ती त्यांना सदाची.

निवृत्त झाल्यावर भाऊंनी जळगावात नवीन कॉलनीत घर बांधलं आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात थोरल्या मुलीचं, शैलाचं लग्न लावलं. स्थळ फैजपूरचं, केळीच्या बागांचं. व्याही जीवराम फिरके. आपली आधीची गाठ पडलेली आहे हे लग्न ठरवताना दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. मांडवात पंगत बसल्यावर जीवरामभाऊंनी भाऊंच्या अंगठ्याकडे पाहिलं आणि त्यांना ओळख पटली.

“तुम्ही काय हो ते! माझ्या कापसाले फेअर दिलं होतं तुम्ही. दिवसभर उन्हात गाडी उभी होती माझी.”

“फेअर असंल तर फेअरच देईन ना, भाऊ.”

“सुपर होता. गावात कोनालेबी इचारा.” जीवरामभाऊंनी जिलबीचा तुकडा मोडला. “बरं, पोरगी सुपर दिली, त्यात फिटलं. पन एक सांगा ग्रेडरसाहेब, सारा जलम दुसऱ्याचा माल नापास केला. सोता कधी एक पान तरी उगवलं का?”

पंगत हसली. वाढपीही हसला आणि त्याच्या हातातला मठ्ठा भाऊंच्या धोतरावर सांडला. भाऊ ताटावरून अर्धे उठले आणि भर मांडवात बोलून गेले, “येत्या चंपाषष्ठीले साऱ्या फैजपूरनं माझ्या घरी भरीत खायले यायचं. बाजारातलं एक वांगं नाही आननार. माझ्या अंगणातले वांगे!”

चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याच्या भरिताचा नैवेद्य असतो. चार महिने वांगं न खाल्लेली माणसं त्या दिवशी वांग्यावर तुटून पडतात. त्यात आपल्याकडचं भरीत म्हणजे काही वाटीतून चमच्याने खायचा प्रकार नव्हे. माणशी एक वांगं सहज जातं, आणि वांगं हे तान्ह्या पोराएवढं. धुरपदाबाईंनी मनातल्या मनात फैजपूरची माणसं मोजायला घेतली आणि सोडून दिली.

तर आता वांगी पिकवणं आलं. कॉलनीच्या जमिनीत नुसता मुरूम. त्यात खिळासुद्धा उगवला नसता. भाऊंनी फैजपूरला थोरल्या भावाला, उखर्डूदादांना निरोप धाडला आणि दादांच्या वावरातून दोन ट्रॉल्या काळी माती मागवली. वडिलोपार्जित माती, तापीखोऱ्यातली! ट्रॉली रिकामी होताच भाऊंनी मूठभर माती उचलली, अंगठ्यांमध्ये चोळली, डोळे मिटले आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या कुत्र्याला उद्देशून जाहीर केलं, “सुपर!”

मातीत जागोजाग काळ्या, बोराच्या बीएवढ्या गोळ्या होत्या. त्या पाहून तर भाऊंना भरूनच आलं.

“धुरपदा, पाय इकडे! दादानं वावरात मेंढ्या बसवल्या दिसते. लेंडीखत फुकट आलं!”

उन्हाळ्यात मेंढपाळ कळप घेऊन येतात आणि शेतकरी त्यांना धान्य देऊन आपल्या वावरात मेंढ्या बसवून घेतात. त्या लेंड्यांसारखं खत नाही, हे शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्याला कोणी शिकवावं लागत नाही. धुरपदाबाईंनी एक गोळी उचलून उजेडात धरली.

“अहो, लेंडीले केस असतात का?”

“मेंढीची हाये ते. जिच्या अंगावर लोकर, तिच्या पोटातून काय केळीचं सोपट निघंल?”

“आन वास पाहा. कापरासारखा येऊन राह्यला.”

“चाऱ्यावर असते ते. तापीकाठचा चारा हाये.”

उत्तरं बिनतोड होती. त्या पोळ्या करायला आत गेल्या. भाऊंनी मात्र रेती चाळायची चाळणी आणली, सगळी माती चाळली, एकूण एक गोळी वेचून टोपलीत भरली आणि वांग्याच्या प्रत्येक खड्ड्यात ओंजळ ओंजळ घातली. फाटकाशेजारच्या वाफ्यात दोन ओंजळी जास्त, कारण व्याह्यांची नजर आधी तिथेच पडणार. उरलेल्या गोळ्या त्यांनी कुंपणाच्या कडेने हाताने पेरल्या. एवढ्या निगुतीने, एवढ्या मायेने, एवढ्या समान अंतरावर लव्हाळ्याची लागवड खानदेशात त्यापूर्वी कोणी केली नसेल.

आषाढातली ती पहिली भेट झाली ती अशी. दुसऱ्या दिवशी त्या जागी तीन पानांच्या तीन जोड्या होत्या. आठवड्याभरात वांग्याची रोपं शोधावी लागायला लागली. श्रावणात भाऊंनी खुरपं घेतलं, भाद्रपदात विळा, आणि पितृपक्षात कुदळ. कुदळीचा घाव बसला की जमिनीतल्या एका गाठीच्या दोन व्हायच्या, आणि दोन्ही संसाराला लागायच्या. शहरातल्या भिंतीभिंतीवर लाल त्रिकोण रंगवून सरकार दोन मुलांवर थांबा म्हणत होतं. भाऊंच्या अंगणात त्याची कोणी दखल घेतली नाही.

शेजारी बन्सीलालशेठ. त्यांचं किराणा दुकान कोपऱ्यावर होतं, पण चहाची बशी घेऊन ते रोज कुंपणाशी येत.

“भाऊ, लॉन फार छान आली तुमची. वांगी पण लावा ना थोडी.”

“वांगे हायेत त्यात.”

“हो का? दिसत नाहीत. लाजतात का?” मग फुर्र करून एक घोट. “मीठ टाका. आमच्याकडे जाडं मीठ आहे, पोतं पाठवून देतो.”

बन्सीलालशेठ ज्या रोगावर जे औषध सांगत ते नेहमी त्यांच्याच दुकानात मिळे. भाऊंनी मीठ टाकलं. त्या बाजूच्या वांग्यांनी दोन दिवसांत माना टाकल्या. लव्हाळा मात्र जेवणात मीठ बेताचं पडल्यासारखा तृप्त दिसायला लागला. मग रॉकेल झालं. उकळतं पाणी झालं. आंघोळीचं पाणी अंगणात गेल्यामुळे धुरपदाबाईंनी तो आठवडा गार पाण्यावर काढला. मग भाऊंनी खताच्या रिकाम्या पिशव्या उसवून सगळ्या वाफ्यांवर अंथरल्या, वर विटा ठेवल्या आणि हात झटकले. तिसऱ्या सकाळी पाहतात तो प्रत्येक पिशवीतून, सुईने भोक पाडून दोरा ओवावा तशी, हिरवी टोकं वर आलेली.

“शिवणकाम चालू आहे काय?” बन्सीलालशेठ कुंपणावरून म्हणाले.

अखेर भाऊंनी टिकाव घेऊन अंगण खणायला काढलं. रोपं तेवढी मातीच्या बेटांवर ठेवून मधला भाग गुडघ्याइतका, मग छातीइतका. सगळ्या कॉलनीत बोभाटा झाला की ग्रेडरसाहेबांना गुप्तधन लागलंय. सत्यनारायणालाही कधी न येणारे लोक ‘सहज’ म्हणून चहाला यायला लागले आणि खड्ड्यात डोकावून जायला लागले. धुरपदाबाई चहा देऊन देऊन थकल्या.

“अहो, बाजारात वांगे चिक्कार आले. कोनाले समजनार हाये?”

खड्ड्यातून फक्त भाऊंची टोपी दिसत होती. टोपी म्हणाली, “मले समजंल.”

माणूस हट्टी होता, पण त्याने आयुष्यात खोटी ग्रेड दिली नव्हती.

दसऱ्याला उखर्डूदादा सोनं द्यायला आले. फाटकातच थबकले. आपट्याची पानं तशीच हातात.

“पितांबर, हे काय रे? कोनी केलं?”

“माती तुमचीच हाये, दादा. सुपर माती. पन या शहरातल्या हवेनं तण फार येते.”

“माझी?” दादांनी खाली बसून माती पाहिली. “हे तं नाल्याकाठच्या तुकड्याची दिसते! मी ट्रॅक्टरवाल्याले आंब्याखालची भर म्हनून सांगितलं होतं. त्या मेल्यानं रस्त्याच्या जवळची भरली. तो तुकडा मी लव्हाळ्यापायी पडीत टाकला रे! बापानं हात टेकले, मी टेकले.”

“पन लेंडीखत तं चांगलं होतं,” भाऊ क्षीण आवाजात म्हणाले.

“कोनतं लेंडीखत?”

“मेंढ्या बसवल्या होत्या ना तुम्ही.”

“त्या तुकड्यात? तिथं बकरीबी थुकत नाही.”

भाऊंनी खड्ड्याच्या कडेची एक काळी गोळी उचलली. दादांनी ती त्यांच्या हातातून घेतली आणि नखाने फोडली. आत पांढरीशुभ्र. कापरासारखा वास दोघांच्या मधून वर चढला. दादा ती गाठ पाहत राहिले, मग भावाकडे पाहिलं, मग सगळ्या अंगणाकडे, जिथे कुंपणाच्या कडेने लव्हाळा शिपायांसारखा रांगेत उभा होता.

“तू... पेरल्या?”

भाऊ हाताची माती झटकायला लागले.

“हातानं?”

दादा आधी हसले. पोट धरून, भिंतीला टेकून, आपट्याची पानं सांडून हसले. आणि हसता हसता, मनात काही नसताना बोलून गेले, “मंग आमच्या कापसाले ग्रेड कशी देत होता रे तू?”

दादा जेवून गेले. भाऊ ओट्यावर बसून राहिले, अंगठा दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून.

त्या दिवसापासून घर शांत झालं. धुरपदाबाईंना आधी बरं वाटलं, मग वाटेनासं झालं. एकदा त्यांच्याकडून वरणात मीठ दोनदा पडलं. भाऊ मुकाट्याने जेवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम पुरी कच्ची ठेवली.

“कशी झाली पुरी?”

“बरी.”

अख्ख्या संसारात ‘बरी’ ही ग्रेड कोणाला मिळाली नव्हती. धुरपदाबाई चुलीपाशी जाऊन पदराने डोळे पुसून आल्या. ह्या माणसाने आपल्या आमटीला एकदा तरी ‘कवडी’ म्हणावं, असं त्यांना मनापासून वाटायला लागलं.

भाऊ अंगणात जायचे, वांग्याच्या उरल्यासुरल्या झाडांभोवतालचा लव्हाळा हाताने काढायचे, पण पूर्वीसारख्या शिव्या देत नसत. फैजपूरला नाही म्हणून कळवायचं त्यांच्या जिभेवर येई आणि परत जाई. भर मांडवात दिलेला शब्द होता. आणि जीवराम फिरकेंनी जर हे ऐकलं, की ज्या अंगठ्याने त्यांच्या कापसाला फेअर ठरवलं त्याला लेंडी आणि लव्हाळा ओळखता आला नाही, तर त्या एका गाडीचं काय, सगळ्या गाड्यांचे निकाल पुन्हा उघडणार होते. भाऊंना वांग्यांची काळजी नव्हती. आपण सगळा जन्म खरंच पाहून सांगत होतो की नुसते डोळे मिटून, हे त्यांना आता कळेनासं झालं होतं.

फैजपूरला हे कळणार नाही ही आशा मात्र व्यर्थ होती. उखर्डूदादांच्या पोटात ताक टिकत नसे, तिथे गोष्ट काय टिकणार? दसऱ्याचं सोनं वाटता वाटता त्यांनी घरोघर हीच बातमी वाटली होती.

चंपाषष्ठीला सकाळीच मेटॅडोर येऊन फाटकाशी थांबली. तिच्यातून पुरुष उतरले, बायका उतरल्या, पोरं उतरली, शैला उतरली. उतरतच राहिली माणसं. सगळ्यांत शेवटी पुढच्या सीटवरून, नवं धोतर सावरत, जीवरामभाऊ. फैजपूर ते जळगाव सगळ्या वाटेने त्यांनी टोमणे घासूनपुसून ठेवले होते आणि पहिला कोणता मारायचा हे यावल सोडतानाच ठरलं होतं. त्यांनी अंगणाकडे पाहिलं. लव्हाळ्याच्या समुद्रात मोडक्या छत्र्यांसारखी काही वांग्याची झाडं, आणि त्यांना लटकलेली चार वांगी.

जीवरामभाऊंनी तोंड उघडलं. पण त्याआधीच पितांबरभाऊ पुढे झाले.

“भाऊ, लेंडी समजून हा लव्हाळा मीच पेरला. हातानं पेरला. चार वांगे हायेत. तुमच्या कापसाचंबी माझं चुकलं असंल. आता मले सांगता येत नाही.”

शैला खाली पाहायला लागली. जीवरामभाऊंचं उघडलेलं तोंड तसंच राहिलं. एवढ्या लांबून आणलेले टोमणे आता मारायचे कोणाला? स्वतःच आडवा झालेल्या माणसाला पाडायचं कसं? ते चिडले.

“असं कसं म्हनता हो? मी काय ऐकायले आलो एवढ्या लांबून? ग्रेडर आहात का कोन आहात तुम्ही?” आणि मेटॅडोरकडे वळून ओरडले, “उतरवा रे ते पोते!”

दोन पोती उतरली. जीवरामभाऊंनी एकाची सुतळी तोडली. आत वांगी. हिरवी, पांढुरक्या रेघांची, कोवळी, ऐन भरिताची.

“माझ्या मळ्यातले. लावा ग्रेड.”

“मी ग्रेड लावत नाही आता.”

“पाहुन्याले दारात उभं ठेवता? लावा म्हनतो ना!”

भाऊंनी एक वांगं उचललं. सगळं फैजपूर त्यांच्या अंगठ्याकडे पाहत होतं. अंगठा वांग्यावरून फिरला, देठाशी थांबला, जरा दाबला. या वेळी भाऊंनी डोळे मिटले नाहीत. उघडे ठेवून नीट, फिरवून फिरवून पाहिलं. फार वेळ पाहिलं. पोरं चुळबुळायला लागली.

“सुपर,” ते म्हणाले. मग पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातलं एक काढलं. “हे फेअर. वरच्यांत मिसळवू नका.”

जीवरामभाऊंचा चेहरा कापसाच्या गाडीवर उभं असताना झाला होता तसा झाला. आणि मग ते असे हसले की कुंपणापलीकडे बन्सीलालशेठच्या बशीतला चहा हिंदकळला. “व्वा! आता कसं घरी आल्यासारखं वाटलं!”

“पन बाजारातलं एक वांगं नाही म्हनलं होतं मी,” भाऊ अडून बसले. “अंगणातल्याच वांग्यांचं.”

आता मात्र धुरपदाबाई ओट्यावरून उतरल्या. “बाजारातले कुठं हायेत हे? पोरीच्या घरचे हायेत. पोरीचं अंगण ते आपलं नाही का? चला, सोला लसून. मानसं उपाशी हायेत.”

खड्ड्यांच्या कडेला कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ झाला. वांगी काळी पडली, फुटली, त्यांची सालं निघाली. हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, दाणे, वरून तेल. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्यांचे ढीग संपत राहिले. बन्सीलालशेठ ‘फक्त वास घ्यायला’ आले आणि चार पुऱ्या जास्त खाऊन गेले. भाऊंनी पंगतीत फिरून प्रत्येकाला सांगितलं की भरीत सुपर आहे, मीठ फेअर आहे. धुरपदाबाई आत जाऊन एकट्याच हसल्या.

अंगणातली चार वांगी खंडोबाच्या नैवेद्यासाठी वेगळी भाजली होती. त्यांतली तीन किडकी निघाली.

पुढच्या उन्हाळ्यात भाऊंनी अंगणात शहाबादी फरशी बसवून घेतली.